गिअर ऑइल भरताना होणारी सांडलवंड आणि घरी केलेली साधनं

मा. संपादक, स.न.वि.वि.

गाड्यांच्या पानावर इंजिन ऑइल, टायरची हवा, बॅटरी यावर नेहमी येतं पण गिअर ऑइलबद्दल कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. मॅन्युअल गिअरची गाडी स्वतः सांभाळणाऱ्याला जुनं ऑइल काढणं अवघड नाही, खालचा प्लग सोडला की ते आपोआप येतं, खरी पंचाईत नवं भरताना होते. बऱ्याच गाड्यांत भरायचं भोक गिअरबॉक्सच्या बाजूला असतं आणि तिथं बाटली उलटी करायला वीतभर जागा नसते. मग बाटली तिरकी धरून दाबत बसायचं, निम्मं आत, निम्मं मनगटावरून कोपरापर्यंत, आणि तो गंधकासारखा वास साबणानं पण लवकर जात नाही.

मी आधी मोठी सिरिंज आणली, १०० मिलीची. गिअरबॉक्सला साधारण २ लिटर लागत असेल तर २० वेळा भरा आणि ढकला, दर वेळी नळीतून थेंब गळणारच. मग बाटलीच्या झाकणाला दोन भोकं पाडली, एक नळी तळापर्यंत ऑइलसाठी, दुसरी आखूड, तिला सायकलचा पंप. चालतं हे, पण भोकं एम-सीलने नीट बंद करावी लागतात आणि हवा हळूच मारायची, कंप्रेसर तर अजिबात लावू नका, बाटली फुटून डोळ्यात जाईल. झाडांवर फवारायचा छोटा हातपंप याच कामाला जास्त बरा, कारण तो दाबासाठीच बनवलेला असतो, फक्त पुढचं नोझल काढून नळी लावायची.

पण शेवटी सगळ्यात साधं तेच मला पटलं. नरसाळं आणि दीड मीटर पारदर्शक नळी, बोनेट उघडून वरून खाली सोडलेली, नरसाळ्याच्या तोंडाला क्लिप आवळलेली. नळी भोकापेक्षा बारीक हवी, म्हणजे ऑइल भोकाच्या खालच्या कडेला आलं की जास्तीचं बाजूनं बाहेर येतं आणि भरलं हे कळतं (गाडी सपाट उभी असेल तरच हं). ७५डब्ल्यू-९० (हा ऑइलच्या दाटपणाचा आकडा) सारखं ऑइल थंडीत फार हळू उतरतं, त्यामुळे बाटली झाकण लावूनच गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, बराच फरक पडतो.

अजून एक, हे तर ठळक छापाच. जुनं ऑइल काढायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. गंजून अडकला आणि खालचं ऑइल आधीच काढून टाकलं तर गाडी जागेवरच राहील. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच. आणि गाडीच्या माहितीपुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-५ चांगलं म्हणून टाकू नका, काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणारा भाग) पितळेला खातात.

काढलेलं ऑइल गटारात नको, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या. काम झालं की नळीची दोन्ही तोंडं पुसून प्लास्टिकने बांधून टांगून ठेवायची, नाहीतर आत बसलेली धूळ पुढच्या वेळी थेट गिअरबॉक्समध्ये जाते.

आपला,
एक नियमित वाचक