खोट्या इशाऱ्यांना वैतागून अँटिव्हायरस काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर एखादा साधा प्रोग्रॅम टाकायला जावे आणि अँटिव्हायरसने फाइलच उडवावी, हा अनुभव आता घरोघरचा आहे. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'अँटिव्हायरस बंद करा, इन्स्टॉल करून घ्या, मग परत चालू करू.' परत चालू करायचे राहूनच जाते. खोट्या इशाऱ्यांचा त्रास खरा आहे, पण त्यावर अँटिव्हायरस काढून टाकणे हा उपाय नव्हे. इशारा नीट वाचता येणे हा उपाय आहे.

कधीच न चुकणारा व्हायरसशोधक लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे फ्रेड कोहेन यांनी 1980च्या दशकातच सिद्ध केले. जुन्या व्हायरसचा ठसा जुळला तर बरीच खात्री असते. नव्या फाइलीबाबत मात्र तिची ठेवण आणि वागणूक पाहून अंदाजच बांधावा लागतो, आणि निष्पाप प्रोग्रॅमही पुष्कळदा संशयास्पद वागतात. मराठी टायपिंगसाठी कळफलक बदलणारे साधन प्रत्येक कळ मध्येच पकडते. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही नेमके तेच करतो. पायथन या भाषेत लिहून पायइन्स्टॉलर या साधनाने एकाच फाइलीत बांधलेला हिशेबाचा प्रोग्रॅम चालू होताच तात्पुरत्या फोल्डरात स्वतःला उलगडतो. त्याचा सुरुवातीचा तुकडा अशा असंख्य प्रोग्रॅमांत सारखा असतो. व्हायरस लिहिणाऱ्याने तोच तुकडा वापरला की संशय सगळ्यांवर जातो.

थोडे गणितही पाहा. एक लाख फाइलींत दहा घातक आहेत आणि अँटिव्हायरस हजार निर्दोष फाइलींमागे एकच चुकून धरतो असे समजू. घातक दहाच्या दहा सापडल्या तरी खोटे इशारे शंभरच्या आसपास होतील. म्हणजे साधन उत्तम असूनही अकरा इशाऱ्यांत खरा एकच. घातक फाइली मुळात विरळ असतात, म्हणून असे होते. मात्र तो एक खरा इशारा रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा असेल, तर कार्यालयातली सगळी कागदपत्रे कुलूपबंद होतात.

मोठ्या कंपन्याही चुकल्या आहेत. एप्रिल 2010 मध्ये मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही मूळ फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले. सप्टेंबर 2012 मध्ये सोफॉस या अँटिव्हायरसने स्वतःच्याच अपडेटरला धरले. सप्टेंबर 2022 मध्ये विंडोजसोबतच येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसने क्रोमसारख्या प्रोग्रॅमांवर 'हाइव्ह' नावाचा इशारा दिला. तो पुढच्या अपडेटने गेला. अशा वेळी फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी बंदिस्त करून ठेवलेली असेल तर परत आणता येते, थेट डिलीट झाली असेल तर नाही. म्हणून सेटिंगमध्ये 'डिलीट' असेल, तर ते आजच 'क्वारंटाइन' करून घ्यावे.

मुळात प्रत्येक अडवणूक ही अँटिव्हायरसची नसते. 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी' अशी निळी खिडकी आली, तर ती विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या वेगळ्या तपासणीची असते. फाइल फारशी कोणी उतरवलेली नाही किंवा प्रकाशक अनोळखी आहे, बहुधा एवढेच तिचे म्हणणे असते. तिथे व्हायरस सापडलेला नसतो. सरकारी संकेतस्थळावरून घेतलेल्या एक्सेल युटिलिटीत मॅक्रो, म्हणजे फाइलीतल्या छोट्या आज्ञावल्या, चालत नाहीत आणि वर लाल पट्टी दिसते, ती एक्सेलची. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो एक्सेल आता आपणहून अडवते. फाइल खरोखरच त्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतली असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' वर खूण करावी. या कामासाठी अँटिव्हायरसला हात लावायचे कारण नाही.

इशारा खरोखर अँटिव्हायरसचा असेल तर 'अलाव' दाबण्याआधी त्याचे पूर्ण नाव वाचावे. डिफेंडरमध्ये विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, प्रोटेक्शन हिस्टरी या वाटेने ते दिसते. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल, किंवा नावात 'जेन', 'ह्यूर' असे तुकडे असतील, तर तो बहुधा यंत्राने बांधलेला अंदाज असतो. 'पीयूए' म्हणजे नको असलेला, जाहिराती चिकटवणारा प्रोग्रॅम. व्हायरसच्या एखाद्या ठरावीक कुळाचे नाव असेल तर इशारा जास्त गंभीर धरावा, पण 'वॅकाटॅक' सारख्या नावापुढेही 'एमएल' दिसले तर तो अंदाजच असू शकतो.

'हॅकटूल', म्हणजे घुसखोरीचे साधन, या शब्दाशी जरा थांबायला हवे. मार्च 2025 मध्ये डिफेंडरने विनरिंगझिरो या ड्रायव्हरला (हार्डवेअरशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमला) हॅकटूल म्हणून धरले आणि संगणकाचे पंखे नियंत्रित करणारी लोकप्रिय साधने बंद पडली. अनेकांनी त्याला खोटा इशारा म्हटले. ती साधने प्रामाणिक होती, हे खरेच. पण त्या ड्रायव्हरमधले भगदाड 2020 पासून नोंदलेले आहे आणि त्यातून दुसरा कोणताही प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोचू शकतो. साधन सज्जन असले तरी दार उघडेच होते. अशा इशाऱ्याला खोटा म्हणता येत नाही.

शंका उरली तर आधी अपडेट करून पुन्हा तपासावे. बऱ्याच खोट्या इशाऱ्यांचा निकाल तिथेच लागतो. इशारा न गेल्यास फाइल मूळ संकेतस्थळावरून नव्याने घ्यावी आणि प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर, म्हणजे निर्मात्याची डिजिटल सही, पाहावी. निर्मात्याने एसएचए-256 हॅश (फाइलीवरून काढलेला तिचा ठसा) दिला असेल, तर विंडोजच्या पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश आज्ञेने तो जुळवावा. मग व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तो हॅश शोधावा. तिथे साठ-सत्तर अँटिव्हायरस इंजिनांचे मत एकत्र दिसते. सत्तरात दोन-तीन इंजिनांनीच आणि तेही मोघम नावाने धरले असेल, तर इशारा खोटा असण्याची शक्यता मोठी. दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. पुष्कळ कंपन्या एकमेकींची इंजिने वापरतात, त्यामुळे एकाच नावाचे पाच इशारे हे खरे तर एकच मत असू शकते. आणि अगदी ताजा व्हायरस सुरुवातीला शून्य इशारे दाखवू शकतो, म्हणून आज शून्य दिसले तर उद्या पुन्हा पाहावे. ग्राहकांची माहिती असलेली फाइल तिथे कधीही अपलोड करू नये. व्हायरसटोटलचे सशुल्क सदस्य ती उतरवून घेऊ शकतात. हॅश शोधण्यात हा धोका नाही.

सही आहे म्हणून निर्धास्तही होऊ नये. 2017 मध्ये संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या प्रोग्रॅमची 5.33 ही आवृत्ती मूळ कंपनीच्या खऱ्या सहीसह व्हायरस घेऊन बाहेर पडली होती.

सगळे पाहून फाइल निर्दोष वाटली तर 'रिस्टोर' करावी आणि सूट द्यायचीच झाली तर त्या एका फाइलीपुरतीच द्यावी. सर्वाधिक नुकसान इथे होते. इन्स्टॉल करणारा घाईत अख्ख्या डाउनलोड्स फोल्डरला, कधी पूर्ण सी ड्राइव्हला सूट देऊन जातो. मग अँटिव्हायरस चालू दिसतो, पण त्या जागी काहीच तपासत नाही. डिफेंडरमध्ये 'प्रोसेस' प्रकारची सूट तर फसवी आहे: ती त्या प्रोग्रॅमला सूट देत नाही, त्याने उघडलेल्या प्रत्येक फाइलीला देते. काही व्हायरस आत शिरताच स्वतःसाठी अशी सूट नोंदवून ठेवतात. म्हणून 'एक्स्क्लूजन्स' ची यादी महिन्यातून एकदा उघडून पाहावी. घरच्या संगणकावर ती रिकामी असणे उत्तम.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का, असे अनेकजण विचारतात. विंडोज 10 किंवा 11 वेळेवर अपडेट होत असेल आणि क्रॅक केलेले सॉफ्टवेअर वापरत नसाल, तर घरासाठी अंगचा डिफेंडर पुरेसा आहे. अनेक संगणकांवर एका जागेवरून लक्ष ठेवायचे असेल, तर कार्यालयाने पैसे मोजण्यात अर्थ आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र चालवू नयेत. ते एकमेकांच्याच फाइली धरतात. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यानंतरचे वाढीव सुरक्षा अपडेट घेतले नसतील, तर विंडोजमधली मूळ भगदाडे कोणताही अँटिव्हायरस बुजवू शकत नाही.

खोट्या इशाऱ्यांची सवय लागल्याचा फायदा ठगांना होतो. ब्राउझरच्या कोपऱ्यात 'पाच व्हायरस सापडले, सदस्यत्व संपले' अशा सूचना येतात. बहुतेक वेळा त्या अँटिव्हायरसच्या नसतात. कुठल्यातरी संकेतस्थळाला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून त्या येतात आणि ब्राउझरच्या साइट सेटिंगमधून ती परवानगी काढली की थांबतात. व्हॉट्सअॅपवर वाहतूक चलानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणारी एपीके फाइल (अँड्रॉइड अॅपची फाइल) तर थेट बँक खात्यावर टपलेली असते. अँड्रॉइड फोनमधल्या प्ले प्रोटेक्ट या तपासणीने तिला अडवले की 'अशा सूचना येतच असतात' म्हणत माणूस पुढे जातो.

म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही सांगणे आहे, विशेषतः आपल्या शाळा, पतसंस्था आणि दुकानांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम करणाऱ्यांना. फाइलीवर सही करा. पायइन्स्टॉलर वापरत असाल तर एकाच फाइलीऐवजी फोल्डर स्वरूपात बांधा आणि यूपीएक्स या साधनाने फाइल आवळून लहान करणे बंद करा. खोटे इशारे बरेच कमी होतात. नवी आवृत्ती ग्राहकाला देण्याआधी व्हायरसटोटलवर पाहा आणि कुठे अडली तर त्या अँटिव्हायरस कंपनीच्या तपासणी पानावर पाठवा. मायक्रोसॉफ्टकडे हे मोफत होते. आणि माहितीपत्रकातली 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा' ही ओळ काढून टाका.

आपला नम्र,
एक वाचक, पुणे