ट्रंकेचं पान काढू नकोस

प्रिय दोस्ता,

फौजेतल्या दिवसांवरच्या तुझ्या पुस्तकाची सगळी पानं काल रात्री बसून वाचली, दोनदा वाचली, आणि सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला घेतलंय. पहिली ४० पानं नुसतं राजकारण, कोणत्या मंत्र्याचं काय चुकलं, सरकारने काय करायला हवं होतं वगैरे. त्यात खोटं काही नाही, पण ते तू नसतं लिहिलंस तरी कुणीतरी लिहिलंच असतं रे. आणि मग मधेच ते ट्रंकेचं पान येतं. तुझ्या तुकडीतल्या गेलेल्या पोराचं सामान ट्रंकेत भरून घरी पाठवायचं म्हणून तू रात्री एकटा बसलायस, हातात त्याची अर्धी संपलेली टूथपेस्ट, ही पाठवायची की टाकायची तेच कळत नाहीये, शेवटी रुमालात गुंडाळून ठेवतोस. आणि मग त्याच्या आईला पत्र, की त्याला त्रास झाला नाही. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलेलं. तिथे मी थांबलो, पुढे वाचवेना.

फोनवर तू म्हणालास हे फार खासगी आहे, काढून टाकतो. अजिबात काढू नकोस!

ब्रिगेडियर जॉन दळवींचंच बघ ना. १९६२ च्या चीन युद्धात नामका चू नदीवर त्यांची ब्रिगेड उद्ध्वस्त झाली, ते स्वतः सात महिने चीनच्या कैदेत होते, पुस्तक आलं १९६९ ला. दिल्लीवर किती कडक लिहिलंय, पण ते मनाला भिडतं कारण त्यात एवढ्या उंचीवर उन्हाळी कपड्यात उभे केलेले जवान आहेत. कुणाला काय कपडे मिळाले नाहीत, हेच तिथलं राजकारण.

आणि निवडणुकीच्या आधी पुस्तक हवं म्हणून प्रकाशक मागे लागलाय तर त्याला सरळ थांब म्हण. अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट जर्मनीत ड्रेस्डेनला युद्धकैदी होता, फेब्रुवारी १९४५ मधे बॉम्बहल्ल्यात शहर जळत होतं तेव्हा तो कत्तलखान्याच्या तळघरात, म्हणून वाचला, आणि नंतर ढिगाऱ्यातून प्रेतं काढायचं काम त्याच कैद्यांना लावलं. त्यावरची कादंबरी यायला २४ वर्षं गेली.

लोक बोलणारच, की वर्दी उतरली आणि याला कंठ फुटला. नोकरीत असताना तोंड उघडता येत नाही हे त्यांना कुठे माहितीये. अमेरिकेच्या स्मेडली बटलरकडे तर त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक दोनदा होतं, मरीन्सचा मेजर जनरल, १९३१ ला रिटायर झाला आणि १९३५ ला छापून मोकळा झाला, की युद्ध हा मूठभरांच्या नफ्याचा धंदा आहे. त्याला कुणी भित्रा म्हणू शकलं असतं का? तुलाही नाही म्हणता येणार.

मला काळजी एकाच गोष्टीची वाटते, ती म्हणजे त्या आईची. तुझ्या पत्रावर विश्वास ठेवून ती इतकी वर्षं जगलीये, आणि आता खरं काय झालं ते पुस्तकातून कळणार तिला? तसं नको. छापायच्या आधी ते पान घेऊन तिच्याकडे जा, तिला काय वाटतं ते ऐक, तिने नको म्हटलं तर तेवढंच मात्र खरंच काढ. एकट्याने जाववणार नाही तुला, माहितीये मला. मी येतो बरोबर. कधी निघायचं ते कळव.

तुझाच