ताई, पोरीचं फुटबॉल बंद करू नका

बार्सिलोना, डिसेंबर २०२५

ताई,

दहावी आली म्हणून पोरीचं ग्राउंड बंद करायचं असं दाजी म्हणतायत हे कळल्यापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर सगळ्यांच्या मध्ये बोलता येईना म्हणून लिहितोय, दाजींनाही वाचायला दे.

इथं बार्साच्या, म्हणजे बार्सिलोना क्लबच्या बायकांच्या टीममध्ये ऐताना बोनमाती म्हणून एक मिडफिल्डर आहे, मैदानाच्या मधल्या भागात खेळणारी, २७ वर्षांची, सलग तीन वर्षं बॅलन डी'ऑर, म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूचा पुरस्कार, तिलाच मिळालाय, २०२३, २४ आणि २५. मी तिला योहान क्रायफ स्टेडियमवर बघतो, सहा हजार लोकांचंच आहे ते, त्यामुळं खेळाडू अगदी जवळून दिसतात. बॉल यायच्या आधी ती दोन-तीनदा मान वळवून मागं बघून घेते, कोण कुठं आहे, जागा कुठं आहे, आणि बॉल पायात आला की पहिल्याच टचला वळून निघालेली असते, अंगावर येणारी तिथंच राहते. आपल्या तालमीतला पैलवान समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते आधी हेरतो ना, तसंच. उंची फार नाही, ताकदीवर काही चाललेलं नसतं, सगळं आधी बघण्यावर. पोरीला सांग, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पीटीएमची, आपल्या पाटाकडील तालमीची, मॅच बघायला गेली की बॉल सोडून मधल्या पोरांच्या माना बघ.

पण मला तिच्या आई-वडिलांबद्दल सांगायचंय. दोघंही इथल्या कॅटलान भाषेचे शिक्षक. इथं आई-वडील दोघांचीही आडनावं लावतात. मुलीच्या नावात आईचं आडनाव आधी लावायचं होतं, ती जन्मली १९९८ ला आणि तेव्हा कायदा वडिलांचंच आधी लावायचा, तर ही माणसं त्यासाठी भांडली आणि १९९९ ला कायदा बदलला. म्हणून ती आज आईच्या आडनावानं ओळखली जाते. लहानपणी गावात पोरांच्यातच खेळायची, चौदाव्या वर्षी बार्साच्या मुलींच्या टीममध्ये आली. अकॅडमीच्या हॉस्टेलवर तेव्हा मुलींना घेतच नव्हते, २०२१ पासून घ्यायला लागले, म्हणून रोज लांबून येणं-जाणं, आणि वडील तिच्याबरोबर बस-ट्रेननं यायचे. हे वाचल्यावर मला आपले दाजीच आठवले, पाच वर्षं झाली स्कूटरवरून पोरीला ग्राउंडवर तेच सोडतायत की.

आणि शिक्षण काय बुडालं नाही बरं का. मोठ्या टीममध्ये खेळत खेळत तिनं स्पोर्ट्स सायन्सची डिग्री घेतली.

२०२२ च्या एप्रिलमध्ये बार्साच्या मोठ्या स्टेडियमवर, कॅम्प नोवर, जर्मनीच्या व्होल्फ्सबुर्गविरुद्ध चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, सेमीफायनल झाली, ९१,६४८ माणसं, बायकांच्या मॅचला! तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल हिचा. पुढच्या वर्षी स्पेनकडून वर्ल्डकप जिंकला, आणि स्पर्धेतली सगळ्यात भारी खेळाडू म्हणून गोल्डन बॉलही हिलाच. त्याच्या आधी स्पेनच्या पंधरा खेळाडूंनी फेडरेशनला लिहून कळवलेलं की परिस्थिती सुधारेपर्यंत आम्हाला बोलवू नका, त्यातही ही होती. मला त्या ट्रॉफीइतकंच हे पण मोठं वाटतं.

सोपं काहीच नव्हतं. यंदाच्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, तोंडावर मेंदूज्वरानं हॉस्पिटलात होती, तरी सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध ११३ व्या मिनिटाला गोल मारला, आणि फायनलला इंग्लंडविरुद्ध पेनल्टी हुकली, स्पेन हरलं. आता गेल्या महिन्याच्या शेवटी ट्रेनिंगमध्ये डाव्या पायाचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय, काही महिने बाहेरच. धोका आहेच ताई, ते मी लपवत नाही.

आपल्याकडं काय होणार म्हणशील तर जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून भारताच्या मुली आशियाई कपला पात्र झाल्या, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, ती पण मिडफिल्डरच.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, मार्चपर्यंत रोजचं नको, आठवड्यातनं तीन दिवस सकाळी जाऊ दे, क्लासची बॅच संध्याकाळची घ्या, फी वाढली तर मी बघतो. पण पूर्ण बंद करू नका, या वयात वर्षभर बॉलला पाय लागला नाही तर ते मागं पडलेलं भरून काढणं लई अवघड. पेपर संपले की एप्रिलमध्ये टीमची निवड आहे म्हणाली होती, तिला जाऊ दे. दाजींशी रविवारी मी स्वतः बोलतो, तोवर कोचना काही कळवू नका.

तुझा भाऊ