दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, मनापासून

प्रिय काकूंना सा. न.

आभार तोंडावर मानले असते तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नौपाड्यात काय किंवा घोडबंदरला काय, घरात आजारातून उठलेलं माणूस असेल तर तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही उपयोगी पडावं.

ऑपरेशननंतर सासऱ्यांच्या जेवणात प्रथिनं वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा शाकाहारी, त्यात अंडं चालत नाही, डाळ जास्त झाली की पोट जड. दुकानातलं ग्रीक योगर्ट, म्हणजे पाणी निथळून घट्ट केलेलं दही, आणलं, तर दोन चमचे खाऊन त्यांनी बाजूला सारलं. नुसतं खायला त्यांना नको होतं. ते रोजच्या स्वयंपाकात आणायचं, हे तुम्ही सुचवलंत आणि आमचं घर सावरलं.

आधी तुम्ही ते घरी करायला शिकवलंत. म्हशीचं दूध चांगलं उकळून काही मिनिटं मंद आचेवर ठेवायचं, बोटाला सोसेल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं. लागलेलं दही मलमलच्या फडक्यात घालून चाळणीवर, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. ओट्यावर टांगलेलं दही ठाण्याच्या उकाड्यात पाणी गळेपर्यंत आंबून जातं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. चक्क्याला रात्रभर लागते, याला तीन-चार तास पुरतात. साध्या दह्यात 100 ग्रॅममागे साधारण 3 ते 4 ग्रॅम प्रथिनं. निम्मं पाणी निथळलं की त्याच वजनात 6 ते 7.

खरी विद्या मात्र पुढची. आंबट दह्याला जोराची आच लागली की त्यातली प्रथिनं गोळा होतात, पाणी सुटतं, दही फुटतं. म्हणून आधी ते फ्रिजबाहेर काढून ठेवायचं, चमचाभर बेसन घालून एकजीव घोटायचं, मग भाजीचा गरम रस्सा त्यात पळीपळीने घालून ते ऊब धरू द्यायचं. भाजीत ओतायचं ते गॅस अगदी मंद करून, आणि उकळी येऊ द्यायची नाही. माझ्या शेजारी उभं राहून तुम्ही पळी हलवायचा वेगसुद्धा दाखवलात. आता पालकाची पातळ भाजी इतकी मऊसूत होते की बाबा पुन्हा वाढून घेतात. पनीरला लावायच्या मसाल्यातही हेच दही. पाणी कमी असल्यामुळे मसाला तुकड्यांना धरून राहतो, तव्यावर ओघळत नाही.

आणि ती काकडी! ग्रीक लोकांची त्झात्झिकी तुम्ही आमच्या थालीपिठाशेजारी आणून बसवलीत. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळायची. मग दही, लसूण, थोडं ऑलिव्ह तेल. ते लोक डिल, म्हणजे आपला शेपूच, घालतात; आपण जांभळी नाक्यावरून आणलेला शेपू अगदी बारीक चिरून. शेपूचं नाव काढलं की तोंड फिरवणारे बाबा ही कोशिंबीर मागून घेतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

निथळलेलं पाणी टाकू देत नाही तुम्ही, तेही बरोबरच. कॅल्शियम त्यातही असतं. माझी कणीक आता त्यातच मळली जाते.

काकू, बाबा आता जेवायला स्वतः उठून टेबलाशी येतात. ताटात काय आहे ते विचारतात. आजारपणात ते विचारणंच थांबलं होतं, आणि त्याची धास्ती मी कुणापाशी बोलले नव्हते. तुम्हाला न सांगता कळली. त्याबद्दल तुमचे आभार मानायला माझ्यापाशी पुरेसे शब्द नाहीत.

कळव्याची माझी नणंद रविवारी येतेय. तिलाही फोडणीच्या कढीत हे दही घालायला शिकायचंय. दुपारी तुम्हाला सवड असेल तर वर याल का? दूध मी आदल्या रात्रीच विरजून ठेवते.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची सूनबाई