स्वीडिश पूर्वजांचा शोध : आधी गाव, मग नाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील वंशावळींच्या शोधाविषयी रविवार पुरवणीत आलेला लेख वाचनीय होता. मात्र आडनाव टाकून संकेतस्थळावर शोध घेतला की पूर्वज हाती लागतात, असे त्यात स्वीडनबद्दल जे सुचवले आहे, ते तिथल्या ग्रामीण भागाच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. म्हणून हा पत्रप्रपंच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्वीडनमधील बहुतेक शेतकऱ्यांना कायम आडनाव नव्हतेच. आंदेर्सचा मुलगा योहान असेल तर तो योहान आंदेर्सोन, त्याची बहीण आंदेर्सदोत्तेर, आणि योहानचे मुलगे मात्र योहानसोन. लग्नानंतरही खेड्यातील स्त्री सहसा वडिलांच्याच नावाने नोंदली जाई. त्यातच ठरावीक नावे पुन्हापुन्हा ठेवली जात असल्यामुळे एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एकाच नावाचे अनेक जण भेटतात. सैनिकांची गोष्ट आणखी वेगळी आहे. १६८०च्या दशकापासून काही शेतवाड्यांचा गट मिळून एक सैनिक पोसत असे, त्याला राहायला झोपडी व जमिनीचा तुकडा देत असे, आणि पलटणीत त्याला रास्क किंवा मोदिग असे आटोपशीर नाव मिळत असे. पुष्कळदा त्याच्या जागी आलेल्या सैनिकालाही तेच नाव चिकटे. त्यामुळे सख्ख्या भावांची नावे वेगळी आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही त्यांचे नाव एक, असा प्रकार सर्रास आढळतो.

या गुंत्यातून वाट काढायची, तर नावाऐवजी पॅरिश आणि शेतवाडी धरून चालावे लागते. १६८६च्या चर्च कायद्याने बाप्तिस्मा, विवाह, दफन आणि स्थलांतर यांच्या नोंदी ठेवण्याचे काम पाद्र्यांवर सोपवले. पण शोधाचा खरा कणा म्हणजे गृहपरीक्षेच्या नोंदवह्या. पाद्री दरवर्षी घरोघरच्या माणसांचे वाचन आणि धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या धर्मप्रश्नोत्तरीचे ज्ञान तपासत असे व त्याची नोंद एकेका शेतवाडीनुसार होई. घरधनी, बायको, मुले, गडी, मोलकरणी आणि आश्रयाला राहिलेली म्हातारी माणसे अशा क्रमाने नावे येतात. त्यांच्यासमोर जन्मतारीख, जन्माची पॅरिश, चर्चमधील प्रभुभोजन विधीची उपस्थिती, पुढच्या काळात देवीची लस (ती १८१६ मध्ये सक्तीची झाली), आणि कोण कुठून आले व कुठे गेले हेही लिहिलेले असते. शेऱ्याच्या रकान्यात कधी आजारपण, कधी चोरीची शिक्षाही दिसते. पाद्र्याच्या नजरेतून फारसे काही सुटत नसे! १८९४ पर्यंत चाललेल्या या मालिकेची एकेक वही अनेक वर्षांची असते, त्यामुळे एका वहीतून मागच्या वहीत जात कुटुंबाचा माग काढता येतो.

अडचणी आहेतच. जुने हस्ताक्षर वाचायला शिकावे लागते, तारखेऐवजी चर्चच्या सणाचे नाव लिहिलेले असते, आणि १७५३ मध्ये कॅलेंडर बदलताना १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला, हेही ध्यानात ठेवावे लागते. काही ठिकाणी पाद्र्याच्या घराला लागलेल्या आगीत वह्याच नष्ट झाल्या. अविवाहित मातेच्या मुलापुढे वडिलांचे नाव बहुधा नसते. अशा वेळी बाप्तिस्म्याचे साक्षीदार कोण होते ते पाहावे आणि न्यायालयाचे जुने कागद चाळावेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत सुमारे १३ लाख स्वीडिश लोक देश सोडून, मुख्यतः अमेरिकेत गेले. त्यांच्या वंशजांना पुष्कळदा ‘स्मोलांड’ एवढेच ठाऊक असते. पण स्मोलांड हा अनेक पॅरिशचा मिळून बनलेला प्रांत आहे, आणि तेवढ्या माहितीवर एकही वही उघडता येत नाही. अशांनी आधी अमेरिकेतील स्वीडिश ल्यूथरन चर्चमंडळ्यांच्या नोंदी पाहाव्यात, कारण त्यांत मूळ पॅरिशचे नाव अनेकदा सापडते.

स्वीडनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या वह्यांची छायाचित्रे २०१८ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. संकेतस्थळांवरची नावांची सूची म्हणजे या वह्यांचे कुणीतरी नंतर केलेले वाचन, त्यामुळे तिचा उपयोग पानापर्यंत पोहोचण्यापुरताच करावा. मूळ पान न पाहता दुसऱ्याची वंशावळ उतरवून घेणे मला तरी मान्य नाही. लेखाचा पुढील भाग येणार असल्यास त्यात हा क्रम स्पष्ट करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक