शिकाऊ पोरानं वाया घालवलेल्या तारेचे पैसे कोण देणार?

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं, दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, दारात जळालेल्या मोटारींचा ढीग. रब्बीत व्होल्टेज पडलं, एखादा फेज गेला की शेतकरी मोटरसायकलला मोटार बांधून हजर. मग रात्री अकरापर्यंत हात थांबत नाही. काम भरपूर आहे, माणूस मिळत नाही.

गेल्या वर्षी वीजतंत्री ट्रेडचा आयटीआय झालेला एक पोरगा आला. आईबाप ऊसतोडीला, मुकादमाची उचल घेतलेली. त्याला कोयता धरायचा नव्हता. पहिल्याच मोटारीत पठ्ठ्यानं सगळ्या कॉइली कापून टाकल्या, वेढे मोजलेच नाहीत! आधी एक कॉइल मोजायची, पिच (कॉइलीच्या दोन बाजूंमधलं अंतर) लिहून ठेवायचा, मगच बाकीच्या कापायच्या, हे त्याला तोंडपाठ होतं. पण हाताला कुठं ठाऊक होतं? दुसऱ्या मोटारीत वेढे कमी भरले. चालू करताच तापली, तांबं भंगारात गेलं. तिसरी मात्र अशी चांगली भरली की मी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून दोनदा तपासली.

मी त्याला महिना तीन हजार देत होतो. त्याहून जास्त मला परवडत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तो आईबापांबरोबर कारखान्यावर गेला.

आता तुमच्या योजनांकडे वळतो. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिना 8,000 विद्यावेतन ठरलं. आमच्या गावचा एक जण त्यातून एका कचेरीत 11 महिने होता. फायली लावायला शिकला. मुदत संपली, घरी बसला. शिकाऊ उमेदवारीचे नियम चारपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला दारातच उभं करत नाहीत. माझ्याकडे मी आणि एक गडी. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत कारागिरांना 15,000 ची अवजारं मिळतात, पण त्या 18 व्यवसायांत मोटार भरणारा नाही. लोहार आहे, कुंभार आहे, असू द्या. त्यांचं मिळालंच पाहिजे.

केंद्राचे नियम तुमच्या हातात नाहीत, हे मला कळतं. विद्यावेतन राज्याचं आहे. तेच 8,000 पोराला माझ्यासारख्याच्या दुकानात, गॅरेजात, वेल्डिंगच्या शेडमध्ये मिळू द्या. तालुक्याच्या आयटीआयचे निदेशक महिन्यातून एकदा येऊन बघतील, पोरगा मोटार भरतो की नुसती सही करतो. लबाडी होईल म्हणता? कचेरीत काय कमी होते! शेवटी कागदाऐवजी त्याच्या हातानं भरलेली मोटार तपासा आणि पास झाला तर त्याला मेगर, टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा), वाइंडिंग मशीन द्या. एवढं असलं की पोरगा स्वतःच्या गावात पत्र्याच्या शेडात धंदा मांडतो. बँकेत गेलं की आधी दुकान दाखवा म्हणतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मला मानधन नको. शिकताना वाया जाणाऱ्या तारेपुरते पैसे मात्र द्या, कारण त्याच भीतीनं आम्ही उस्ताद लोक पोरांना सहा-सहा महिने नुसते नटबोल्ट खोलायला लावतो.

निर्णय साखर कारखान्यांचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, आत झाला तर बरं. तो पोरगा तेव्हाच गावी परततो.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला,
ता. गेवराई, जि. बीड