सुई टोचण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, आता रात्रीची कॅज्युअल्टी तुझ्यावर आहे. तेव्हापासून हे मनात घोळतंय. छातीत दुखतंय म्हणून माणूस येतो, ईसीजीत हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक दिसतो, सिस्टर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरून उभी असते. घाई करायचीच असते. पण सुई टोचण्याआधी त्याच्या दोन्ही मनगटांवर एकदम बोटं ठेव. एका हाताची नाडी मंद लागली, तर दोन्ही हातांचं बीपी घे. वीसहून जास्त फरक असेल तर थांब, महाधमनीला चीर गेलेली (एऑर्टिक डिसेक्शन) असू शकते.

महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीचं, अस्तर फाटलं की रक्त तिच्या भिंतीच्या थरांत शिरतं. ती चीर महाधमनीच्या मुळापर्यंत, हृदयाजवळ आली, तर हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीचं, बहुधा उजव्या धमनीचं, तोंडच दाबलं जातं. म्हणजे ईसीजीतला अटॅक खरा असतो, पण त्याचं कारण गुठळी नसते. त्यात रक्त पातळ केलं तर ते हृदयाच्या आवरणात साचून माणूस हातचा जातो.

दुखणं कसं सुरू झालं, ते नीट विचार. नेहमीच्या अटॅकचं दुखणं बहुधा चढत जातं. चिरेचं दुखणं पहिल्याच क्षणाला असह्य असतं, पेशंट तो क्षण सांगू शकतो, आणि कळ बरेचदा पाठीत, खांद्यांच्या मध्ये जाते. सगळ्यांनाच असं होत नाही, म्हणून तर हा आजार निसटतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणूनही निर्धास्त होऊ नकोस.

अमेरिकन हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात या आजारावर शस्त्रक्रियेची वाट घालून दिली. २००५ च्या ३१ डिसेंबरला वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांच्याच महाधमनीला चीर गेली, आणि पहिल्यांदा त्यांनाही वाटलं की हृदयच बंद पडतंय. नंतर स्कॅनमध्ये खरं निदान झालं. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, आणि ते २००८ पर्यंत जगले.

हृदयाजवळच्या चिरेत, ऑपरेशन झालं नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला १ ते २ टक्के मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून शंका आली की लगेच बेडसाइड इको (खाटेजवळच हृदयाची सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन). रेडिओलॉजीवाले कुरकुरतील, ऐकू नकोस. पेशंटसोबत सीटीला तू स्वतः जा, वाटेत बीपी पडलं तर ते ओळखणारं कुणीतरी जवळ हवं.

तुझी,
आई